बाहेरून काही बसवलं की गाडीची वॉरंटी जाते का?

नवी गाडी घरी आली की पहिल्याच महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "डॅशकॅम लावून घे, लाइट जरा दमदार टाक आणि ते टायर आधी बदल." दुसरा म्हणतो, "कशालाही हात लावू नकोस, वॉरंटी जाईल." दोघेही अगदी ठासून बोलतात, आणि दोघांचंही निम्मंच खरं असतं.

माझ्या मावसभावाच्या गाडीत हा प्रश्न एका वर्षात दोनदा उभा राहिला. पहिल्या वेळी गाडी चार महिन्यांची होती. मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकली, वरही जाईना आणि खालीही येईना. सर्व्हिस सेंटरमधल्या ॲडव्हायझरने दार पाहण्याआधी समोरच्या काचेवरचा डॅशकॅम, म्हणजे रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा पाहिला, त्याची वायर कुठून गेली आहे ते पाहिलं आणि सांगितलं, "बाहेरून वायरिंग केलंय. आता वॉरंटी राहत नाही." भाऊ काही न बोलता परत आला. दुसरी वेळ सहा महिन्यांनी आली, बॅटरीच्या निमित्ताने. त्याच डॅशकॅमकडे बोट दाखवून पुन्हा नकार मिळाला. यातला एक नकार चुकीचा होता आणि एक बरोबर. हा फरक ज्याला कळला, त्याला हा विषय कळला.

वॉरंटी म्हणजे नेमकं कसलं वचन?

वॉरंटी म्हणजे "काहीही बिघडलं तरी आम्ही बघू" असं आश्वासन नव्हे. कंपनी फक्त एवढंच म्हणते, की साहित्यात किंवा बनावटीत आमच्याकडून दोष राहिला असेल आणि तो ठरलेल्या मुदतीत किंवा ठरलेल्या अंतरात वर आला, तर तो भाग आम्ही फुकट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. ब्रेक पॅड झिजले, वायपरचं रबर फाटलं, तर तो दोष नाही, वापर आहे. कुणी मागून ठोकलं तर तो विम्याचा विषय. म्हणजे प्रत्येक दाव्यात खरा प्रश्न असतो तो दोष कारखान्यातून आला की नंतर तयार झाला, हाच.

शिंप्याचं उदाहरण घ्या. त्याने शिवलेला सदरा महिन्याभरात उसवला तर तो पुन्हा शिवून देतो. तुम्ही बाही दुसरीकडून आखूड करून घेतलीत आणि बाहीचीच शिवण सुटली, तर तो हात वर करेल आणि ते रास्तच आहे. पण सुटली कॉलरची शिवण आणि तो बाहीकडे बोट दाखवू लागला, तर आपण ऐकून घेणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच ऐकून घेतो, कारण गाडीचं कॉलर कुठे संपतं आणि बाही कुठे सुरू होते हे आपल्याला दिसत नाही.

शिवाय वॉरंटी एक नसते, अनेक असतात. पूर्ण गाडीची एक, इंजिन-गिअरबॉक्सची बहुधा वेगळी आणि जास्त मुदतीची, पत्रा गंजून भोक पडण्याविरुद्धची आणखी वेगळी. इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीची स्वतंत्र. टायर आणि साधी बॅटरी यांची जबाबदारी अनेकदा ते बनवणाऱ्या कंपनीकडे असते. अमेरिकेत तर धूर नियंत्रणाशी संबंधित काही मुख्य भागांना, उदाहरणार्थ कॅटलिटिक कन्व्हर्टरला, कायद्यानेच 8 वर्षं किंवा 80,000 मैलांचं संरक्षण आहे. बाकी गाडीची वॉरंटी त्याआधी संपली तरी ते चालू राहतं. त्यामुळे कुणी "वॉरंटी गेली" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठली?

'रद्द झाली' आणि 'हा दावा बसत नाही'

ही दोन वाक्यं काउंटरवर सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. संपूर्ण वॉरंटीच रद्द व्हायला सहसा कारणही तसंच मोठं लागतं: मीटर मागे फिरवणं, गाडी पूर्ण नुकसान म्हणून विम्यात निकाली निघालेली असणं, असं काहीतरी. बाहेरच्या वस्तूमुळे बहुतेक वेळा होतं ते एवढंच, की त्या वस्तूने ज्या भागाला धक्का पोचवला त्या भागाचा दावा नामंजूर होतो. बाकीची वॉरंटी जागच्या जागी असते.

अमेरिकेत यासाठी 1975 पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमच्याच ब्रँडचा भाग वापरा, आमच्याकडूनच सर्व्हिस करून घ्या, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. तो भाग किंवा ती सर्व्हिस ती फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी, किंवा मग सरकारी व्यापार आयोगाची खास सूट हवी. याच आयोगाने एप्रिल 2018 मध्ये सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल लेखी ताकीद दिली होती. त्यात मोटारी, मोबाइल आणि व्हिडिओ गेम या तिन्ही क्षेत्रांतल्या कंपन्या होत्या. युरोपीय संघाच्या वाहनक्षेत्रासाठीच्या 2010 च्या स्पर्धा-नियमांचा रोखही असाच आहे: वॉरंटी टिकवायची म्हणून साधा ऑइल-बदलही अधिकृत ठिकाणीच करण्याची सक्ती नको.

पण हे कायदे नीट वाचा. बाहेरच्या भागाने बिघाड घडवला तर तो खर्च कंपनीने सोसावा, असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. संरक्षण आहे ते नुसत्या संशयावरून मिळणाऱ्या नकारापासून.

प्रत्येक देशात असे स्पष्ट शब्द नसतात. तिथे वॉरंटीचं पुस्तक आणि सर्वसाधारण ग्राहक कायदा यांच्यावरच भिस्त. पुस्तक उघडाल तेव्हा 'फेरबदल' हा शब्द शोधा आणि त्याच्या पुढचा प्रत्यय पाहा. "फेरबदलांमुळे झालेलं नुकसान वगळलं आहे" आणि "फेरबदल केल्यास वॉरंटी लागू राहणार नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात कंपनीने कार्यकारण मान्य केलं आहे. दुसरं वाक्य कडक आहे. ते तुमच्याकडे कायद्यापुढे किती टिकेल हा वेगळा प्रश्न, पण गाडीला हात लावण्याआधी ते वाचलेलं असणं तुमच्याच हिताचं.

कुठला बदल कुठवर पोचतो?

वायरिंगपासून सुरू करतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि सगळ्यात कमी काळजीही इथेच घेतली जाते. मोठे अलॉय व्हील डोळ्यात भरतात, पण डॅशबोर्डखाली कापलेली वीतभर वायर गाडीचं त्याहून जास्त नुकसान करू शकते.

हेडलाइटचा साधा हॅलोजन बल्ब 60 वॅटचा असतो. ढोबळ हिशेबाने 12 व्होल्टवर तो 5 अँपिअर करंट ओढतो. त्या जागी 100 वॅटचा बल्ब घातला की करंट 8.3 अँपिअरवर जातो. वाढ दीडपटीहून थोडी जास्त, फार वाटत नाही. पण वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. वायरची जाडी तीच, कप्लरची, म्हणजे वायर जोडणाऱ्या खटक्याची पितळी पट्टी तीच, होल्डरचं प्लास्टिक तेच. काही महिन्यांनी बल्ब काढून पाहिलात तर पांढरं होल्डर कडेने तपकिरी पडलेलं दिसतं, कधी वितळून बल्बच्या पायांना चिकटलेलं असतं. ते पाहून तंत्रज्ञाने हेडलाइटच्या वायरिंगचा दावा नाकारला तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हाच बल्ब रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून, बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढून बसवला असता, तर मूळ वायरीला फक्त रिले चालू-बंद करण्यापुरताच करंट वाहावा लागला असता. बल्ब तोच, पण जोडणी वेगळी. एवढ्यानेच निकाल फिरतो. अर्थात तापलेलं होल्डर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत हे प्रश्न तरीही उरतात.

वायर सोलून त्यावर दुसरी गुंडाळणं किंवा चिमट्यासारख्या क्लिपने मूळ वायरीचा चावा घेणं, हा दुसरा रोग. त्या चाव्यातून ओल शिरते, तांबं हिरवट पडतं, संपर्क कधी लागतो कधी नाही. मग डॅशबोर्डवर येणाऱ्या-जाणाऱ्या इशाऱ्यांचा माग काढणं कुणालाच जमत नाही. मूळ कप्लरमध्ये घुसणारं, काहीही न कापता बसणारं वायरिंग मिळत असेल तर तेच घ्या.

आता भावाच्या बॅटरीचं. डॅशकॅम बसवणाऱ्याने त्याची वायर कायम चालू असणाऱ्या लाइनवर टाकली होती, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा जागाच. सर्व्हिस सेंटरमध्ये मीटर लावला तेव्हा बंद गाडीतून फक्त कॅमेराच 0.3 अँपिअर ओढत होता. तासाला 0.3, म्हणजे दिवसाला 7.2 अँपिअर-अवर. बॅटरीची क्षमता 45 अँपिअर-अवर. गाडी तीन दिवस उभी राहिली की जवळपास निम्मी बॅटरी रिकामी. शिसे-आम्लाच्या बॅटरीला असं पुन:पुन्हा खोलवर उतरणं सोसत नाही, तिच्या पट्ट्यांवर साका धरतो आणि क्षमता कायमची घटते. बॅटरीत कारखान्यातला दोष नव्हता. तो नकार बरोबर होता आणि नवी बॅटरी भावाने स्वतःच्या पैशाने घेतली. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की कॅमेरा आपोआप बंद करणारा जोड पहिल्या दिवशीच बसवला असता तर ही वेळ आली नसती.

इंजिनाची ताकद वाढवणं हा सगळ्यात लांबवर पोचणारा बदल. इंजिनात इंधन किती जावं, टर्बोचा दाब किती असावा हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे रिमॅपिंग. गाडीच्या यंत्रात एकही पाना न फिरवता ताकद वाढते, म्हणून लोकांना हा निरुपद्रवी बदल वाटतो. प्रत्यक्षात कंपनीने खराब इंधन, कडक ऊन, चढणीवर भरलेली गाडी अशा वाईट दिवसांसाठी जी पुंजी मागे ठेवलेली असते, ती आपण रोजच्या खर्चाला काढतो. आठ जणांच्या लिफ्टमध्ये अकरा जण चढले म्हणून दोर त्याच दिवशी तुटत नाही. पण वाढलेला जोर इंजिनातून क्लचमध्ये, तिथून गिअरबॉक्समध्ये आणि पुढे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांपर्यंत पोचतो. त्यामुळे या अख्ख्या साखळीतल्या कुठल्याही कडीचा दावा नाकारायला कंपनीकडे तांत्रिक कारण तयार असतं. माझं मत स्पष्ट आहे: वॉरंटी चालू असताना रिमॅप करायचा असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा खर्च स्वतःचा आहे असं धरूनच करावा. तरीही त्याच गाडीची मागच्या दिव्याची काच आतून घामेजली किंवा सीटचा पट्टा गुंडाळेनासा झाला, तर तिथे रिमॅपचं नाव काढायला जागा नाही.

चाकं आणि सस्पेन्शन. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर काढणारा स्पेसर बसवला की गाडीचं वजन बेअरिंगवर लांबच्या तरफेतून पडतं आणि बेअरिंग लवकर घोंगावू लागतं. गाडी उंच केली तर चाकाला फिरवणारा दांडा तिरका बसतो, त्याच्या सांध्यावरचं रबरी बूट सतत दुमडून फाटतं, आतलं ग्रीस उडून जातं आणि सांधा कटकट करू लागतो. टायरचा व्यास 630 मिलिमीटरऐवजी 650 झाला तर मीटर 100 दाखवत असताना गाडी सुमारे 103 ने धावते. लेन ओळखणारे कॅमेरे आणि रडार असलेल्या गाडीत उंची बदलली की त्यांची नजरही बदलते. त्यांचं कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावं लागतं. इथे दावा कशाचा आहे ते पाहायचं. बेअरिंगचा असेल तर अवघड, एसीच्या कॉम्प्रेसरचा असेल तर चाकांचा विषयच येत नाही.

पेट्रोल गाडीत बाहेरून गॅस किट बसवताना झडपांच्या बैठकींचा विचार करा. गॅस हे कोरडं इंधन. ज्या इंजिनाच्या बैठकी त्यासाठी कठीण धातूच्या केलेल्या नाहीत, तिथे त्या लवकर झिजतात आणि झडपा नीट बंद होत नाहीत. तेल लावलेला कापडी एअर फिल्टर जास्त तेल लावून बसवला तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसतं. गंजरोधक लेप मारणाऱ्याने दारात भोकं पाडली किंवा दाराच्या तळाची पाणी निचरा होण्याची छिद्रं लेपाने बुजवली, तर गंजाची वॉरंटी त्या गंजरोधकानेच घालवलेली असते.

मॅट, पडदे, मोबाइलचा स्टँड यांनी काही होत नाही. सीट कव्हरचं मात्र सांगायलाच हवं: सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथली शिवण उघडू शकेल असंच कव्हर घ्या. हा वॉरंटीचा नाही, जिवाचा मुद्दा आहे.

"शोरूमनेच बसवून दिलंय, मग कसली काळजी?"

शोरूममध्ये बसवलेली प्रत्येक वस्तू गाडीच्या कंपनीची नसते. कंपनीची ॲक्सेसरी असेल तर तिला कंपनीचा पार्ट नंबर असतो, आणि तिची वॉरंटीची अट पुस्तकात सापडते. पण विक्रेता स्वतः बाजारातून आणलेला म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेराही बसवून देतो. त्याची हमी देतो तो विक्रेता किंवा ती वस्तू बनवणारा. बिल पाहा. पार्ट नंबर आहे का आणि हमी कुणाच्या नावाची, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. "काही होत नाही हो, आपलंच आहे" हे तोंडी वाक्य वर्षभराने तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही.

"सर्व्हिसला नेण्याआधी काढून टाकलं तर?"

हा प्रश्न फार जण विचारतात, बहुतेक हळू आवाजात. माझा सल्ला 'नको' असा आहे. एक तर ते लपत नाही. अनेक ईसीयू आपल्यात किती वेळा सॉफ्टवेअर भरलं गेलं याची नोंद ठेवतात, आणि आतल्या सॉफ्टवेअरचा पडताळणी क्रमांक मूळ क्रमांकाशी ताडून पाहता येतो. मूळ सॉफ्टवेअर परत भरलं तरी मोजणी वाढलेलीच असते. बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार काय होता हेही ईसीयू साठवून ठेवतो. बोल्टवरचे पान्याचे ओरखडे आणि सोललेल्या वायरीवरची टेप तर नुसत्या डोळ्यांना दिसते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लपवालपवी उघडी पडली की ज्या बिघाडाशी त्या वस्तूचा काही संबंध नव्हता, तिथेही तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. काही कंपन्या रिमॅप सापडल्यावर गाडीच्या चासी नंबरवर तशी नोंद करतात, आणि गाडी विकली तरी नोंद तिच्याबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. जुनी पण वॉरंटीतली गाडी घेणाऱ्याने चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ही चौकशी आधी करावी.

विम्याचं खातं वेगळं आहे. वॉरंटीला न खुपणारा बदलही विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. रस्त्यावर तो बदल कायदेशीर आहे की नाही, हा तिसरा आणि स्वतंत्र प्रश्न.

नकार मिळाला तर

अमेरिकी व्यापार आयोगाची भूमिका अशी, की बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्याची. इतरत्र नियम काहीही असो, काउंटरवर उभं असताना ज्याच्या हातात कागद असतो त्याचंच ऐकलं जातं. म्हणून काही बसवताना बिल घ्या, वायर कुठे जोडली त्याचे फोटो काढा, मीटरवरचा आकडा आणि तारीख टिपून ठेवा, आणि काढलेला मूळ भाग टाकून देऊ नका.

नकार तोंडी स्वीकारू नका. कुठला भाग निकामी झाला, त्याचं कारण काय सापडलं, बाहेरच्या वस्तूने ते कसं घडवलं आणि वॉरंटीच्या कुठल्या कलमाखाली नकार आहे, हे जॉबकार्डावर लिहून मागा. आवाज चढवायची गरज नसते. लिहायला बसलं की माणसाला तपासणी करावीच लागते. लिहूनही ते पटलं नाही तर कंपनीच्या ग्राहक कक्षाकडे आणि पुढे ग्राहक न्यायालयासारख्या व्यवस्थेकडे जायला तोच कागद लागतो. दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यायचं असेल तर गाडी आहे त्या स्थितीतच न्या, मध्ये काही उघडू नका.

भावाने काचेच्या वेळी हेच केलं. दोन दिवसांनी तो पुन्हा गेला आणि एवढंच म्हणाला, की डॅशकॅममुळे काच अडकली असेल तर कशी, ते लिहून द्या. ॲडव्हायझरने तंत्रज्ञाला बोलावलं. तंत्रज्ञाने दाराचा आतला पॅनल उतरवला, टॉर्च मारली आणि भावाला वाकून बघायला सांगितलं. काच वर-खाली ओढणारी बारीक पोलादी केबल रिळावरून दोरा सुटावा तशी ड्रमवरून सुटून गुंतली होती. मोटर ठीक, फ्यूज ठीक. डॅशकॅमची वायर छताच्या कडेने येऊन पुढच्या फ्यूज बॉक्सपाशीच संपत होती, मागच्या दाराकडे ती फिरकलीही नव्हती. जॉबकार्डावर ओळ आली: "मागील डावा विंडो रेग्युलेटर, केबल ड्रमवरून निसटली, वॉरंटीत बदलला."